खाटकाच्या दुकानातली सायकल

इद्वलच्या दुकानात आकडे अजून तेच आहेत.
त्याचा बाप त्यांना मेंढ्या टांगायचा,
सोललेल्या, पाय वर, मान खाली.
आता सायकली लटकतात, पुढचं चाक वर करून.
फरशीला उतार, मधोमध चर,
रक्त धुवून काढायची. आता तिच्यातून
चेनचं काळं तेल जातं, आणि पाऊस,
जो वेल्सच्या या खोऱ्यात
प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर आत येतोच.

तीन शनिवार मी काचेबाहेर उभी राहिले.
चौथ्याला दार उघडून तो म्हणाला, हेउल्वेन,
आत ये बाई, तुझ्या श्वासाने काच धुरकटते,
पुसून पुसून मी थकलो.

मी आधीच सांगून टाकलं: तीनशे चाळीस पौंड.
वृद्धाश्रमातल्या रात्रपाळ्यांचे, पाकिटात,
नोटांना अजून जंतुनाशकाचा वास.
वर एक पेनी नाही. आणि हसायचं नाही.

तो हसला नाही.
त्याच्याकडे मँचेस्टरहून व्हॅन येतात,
टपावर सायकली, एकेकीची किंमत
माझ्या घराच्या नव्या छपराएवढी.
त्यांच्याशी तो चढाविषयी बोलतो, गिअरविषयी.
मला विचारलं, उतरताना भीती वाटते?
वाटते, म्हटलं. गुडघा. आणि त्रेपन्न वर्षं.
मग ब्रेकवर पैसे घाल, बाकी सगळीकडे वाचव.
चढ तुझा तू बघ.
उतार माझ्याकडे लागला.

कोपऱ्यातून त्याने काढली ती मोहरी रंगाची,
गेल्या साली कुणालाच न आवडलेली.
धक्के सोसायला पुढे स्प्रिंग, मागे काही नाही,
मागचे धक्के तुझे तुलाच, म्हणाला.
टायर जाड, गाठीगाठींचे.
दांड्यावर एक ओरखडा, तो त्याने
स्वतःहून दाखवला, बोट ठेवून.
तीनशे नव्वद.

मी पाकीट परत पर्समध्ये घालायला लागले.
इद्वलने गल्ल्याखालून वही काढली,
बापाची, कोपऱ्यांना चरबीचे डाग.
पन्नास उधार, महिन्याला दहा दे.
आणि कोरं पान शोधताना
वही मागच्या मागे उघडली.

तिथे माझ्या आईचं नाव होतं.
खाण बंद होती तो हिवाळा,
बाबा घरात बसून रिकाम्या बुटांना पॉलिश करायचे.
कलेजी अर्धा पौंड.
हाडं, सूपसाठी.
हाडं.
हाडं.
आणि सगळ्यावरून एक तिरकी रेघ.

फेडलं म्हणून रेघ, की सोडलं म्हणून?
इद्वलला ठाऊक नाही. मलाही नाही.
त्याचा बाप चॅपलमागे पुरलाय,
माझी आई त्याच्या वरच्या रांगेत,
आणि तिथे कुणी कुणाचा हिशोब काढत नाही.

मी म्हटलं, दहा नको, पंधरा लिही.
त्याने पंधरा लिहिले.
सीट माझ्या कमरेशी लावून उंची बघितली,
म्हणाला, सहा आठवड्यांनी घेऊन ये,
नव्या चाकाच्या तारा सैल पडतात,
आवळायचे पैसे घेत नाही.

रविवारी ती मी स्लेटच्या ढिगांमधून वर नेली.
नेली म्हणजे खरोखरच नेली, खाली उतरून,
हाताला धरून, जशी मी म्हाताऱ्या प्रॉसरना
रात्री तीनला संडासापर्यंत नेते:
घाई नाही, पोचू.
पायाखाली बाबांनी फोडलेला दगड,
किंवा दुसऱ्या कुणी. तुकडे सगळे सारखेच निळे.

मग उतार.
दोन्ही ब्रेकवर दोन दोन बोटं, दात आवळलेले,
तोंडातून निघालं ते चॅपलमध्ये चालणारं नव्हतं.
वळणावर मधोमध एक मेंढी.
बोटं आवळली. सायकल थांबली,
तिच्या नाकापासून वीतभर.

मेंढी बघत राहिली. मीही.
मग तिला म्हटलं, जा बाई, घाबरू नकोस,
ते दुकान आता सायकलींचं आहे.