नखभर

बोहरी आळीत, दुपारी साडेतीनला,
मुर्तझाभाईंनी काचेवर पिवळं फडकं पसरलं
आणि सहा चाकू मांडले,
मिटलेले, एकमेकांना न लागता.

"काम काय करता?"
आधी किंमत नाही, आधी काम.
म्हटलं, श्रवणयंत्रं दुरुस्त करतो. घरी जाऊन.
सदाशिव, नारायण, कोथरूडचा थोडा भाग.
बॅटरीचं दार अडकतं, नळीत मळ साचतो
आणि माणसं म्हणतात, जगच हल्ली पुटपुटतंय.

त्यांनी सगळ्यात जाडजूड पुढे सरकवला.
तेवीस कामं. पक्कड, करवत, कानस, बूच काढणी,
माशाचे खवले काढायची पट्टी.
मी तोलून पाहिला. अर्धा पाव सहज.
माशाचं म्हणाल तर कॅम्पातून आणतो कधीतरी एखादी सुरमई,
ती तिथेच साफ होऊन मिळते.
करवतीला मात्र अंगठा लावला.
मला कधीच कुठलं झाड तोडायचं नव्हतं,
तरी क्षणभर वाटलं, तोडू शकू.

दुसरा लाल. सगळे लालच नेतात, ते म्हणाले,
हरवला की सापडतो म्हणून.
तिसऱ्याचं पातं एका हाताने उघडतं,
खट्,
आणि शेजारी खिळे मोजणारा पोरगा आकडा विसरतो.
हा नको.
माझी माणसं आधी साखळी लावून दार उघडतात.

चौथा आवडला.
चिमटा, टोचणी, एवढीशी कात्री, चपटा पेचकस.
पण उघडेना.
प्रत्येक पात्याला चंद्रकोरीएवढी खाच असते,
तीत नख अडकवायचं नि ओढायचं.
बोट घसरलं. परत घसरलं.
मुर्तझाभाईंनी चष्मा कपाळावर नेला,
माझे दोन्ही हात फडक्यावर पालथे ठेवायला लावले,
चाकूंच्या रांगेत.
"कधीपासून खाता?"

दहावीपासून. भूमितीच्या पेपरापासून.
आई ओरडून झाली, बायको सांगून थकली,
कडुनिंबाचा रस लावून झाला (चवीची सवय लागली),
आणि आता छप्पन्नाव्या वर्षी
खिळ्यामोळ्यांच्या दुकानात हे.
"मग हा नका घेऊ," ते म्हणाले.
"नाहीतर घ्या. आणि दोन आठवड्यांनी उघडा."

धंदा असा करतात का कुणी?
मी अठराशे मोजले. पन्नास सोडा म्हटलं,
सोडले नाहीत.

टिळक रोडच्या सिग्नलला बोट तोंडाकडे निघायचं
आणि खिशातलं वजन मांडीला टोचायचं.
पँट उजवीकडे ओढली जायची.
बायकोने विचारलं, खिशात काय आहे?
म्हटलं, चाकू आहे, उघडत नाही.
तिने पुढे विचारलं नाही.

काल नारायण पेठेत, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
इंदूताई मेहेंदळ्यांनी साखळी काढली.
अंगठ्याचं नख, तांदळाच्या कणीएवढं,
खाचेत बसलं.
टोचणी आली बाहेर, सावकाश, थोडी कुरकुरत.
नळी मोकळी केली, यंत्र कानामागे बसवलं.
"येतंय का ऐकू?"
त्या चाकूकडे बघत होत्या.
"केवढ्याला?"
सांगितलं.
"फसलात," त्या म्हणाल्या.
मी खाली बघून, स्वतःशीच, नाही म्हटलं,
आणि त्या म्हणाल्या, "नाही कसं?"