भेंड

बर्नी फेब्रुवारीत यायचा.
जू सरोवर गोठलेलं, दाराची कडी हाताला चिकटणारी,
आणि त्याच्या खांद्यावर जुडी: सुरोच्या काठ्या,
एकाच उन्हाळ्याच्या, सरळसोट, राखी,
सालीवर बारीक पुटकुळ्या.
"इथून श्वास घेतं झाड," म्हणायचा, आणि बाहीला नाक पुसायचा.

मला काठी नको असायची. आतलं हवं असायचं.

तो चाकू लावायचा. आधी साल,
तिच्याखाली हिरवी ओल, बोटांना उग्र वास ठेवणारी.
मग कंगोऱ्यांतले जाडसर पट्टे,
वाऱ्यात वाकायला.
मग लाकडाचं कडं. त्याच्या नळ्यांतून
पाणी चढतं शेवटच्या कळीपर्यंत,
आणि साखर बाहेरच्या अंगाने उतरते.
एका काठीत दोन रस्ते, कधी टक्कर नाही.
आमच्या गल्लीत दोन घसरगाड्या समोरासमोर आल्या
की तासभर भांडण.

मग सळईचा एक ढोसा,
आणि बाहेर यायचं भेंड.
पांढरं. तळहातावर ठेवलं
तर तळहाताला पत्ता नाही.

शाळेत मास्तरांच्या सूक्ष्मदर्शकात पाहिलं होतं:
खोल्याच खोल्या, कागदाच्या भिंती,
आत नुसती हवा.
"पेशी केव्हाच मेल्या," मास्तर म्हणाले,
आणि पुढच्या पोराला बोलावलं.

त्या मेलेल्या खोल्यांत मी तीस वर्षं
डोळ्याला भिंग लावून, खिडकीपाशी,
चाकाच्या आसाचं टोक खुपसत आले,
केसाहून बारीक पोलाद.
एकदा. फिरवून पुन्हा एकदा.
तेल सुटतं, टोक लखलखतं.
ब्रश ओरखडतो, कापूस तंतू सोडतो.
भेंड काहीच करत नाही.
म्हणून जमतं.

यंदा त्याची मुलगी आली, सिदोनी.
जुडी नव्हती. फडक्यात बांधलेली लाकडाची चकती.
"घरामागचं सुरो पाडलं. त्यांनीच लावलं होतं,
मी जन्मले तेव्हा."

भिंगाखाली वलयं मोजली. एकेचाळीस.
सगळी वाढ बाहेर बाहेर,
आणि अगदी मध्ये, पेन्सिलीएवढं,
पिवळटलेलं भेंड,
पहिल्या वर्षी होतं तेवढंच.
एवढ्या वर्षांत कुणी त्याला
एका पेशीचीही जागा वाढवून दिली नव्हती.

सिदोनी दाराशी थांबली होती.
मी सवयीने एक टोक त्यात खुपसून पाहिलं.
अजून तेल धरतं.

वहीत बर्नीचे अडीच फ्रँक बाकी होते.
ती नको म्हणाली.
मी तिच्या हातमोज्यात घातले.