घोड्याखालचं रिकामं घर

सहा घरं हायेत तिच्यात.
पाच भरतो. घोड्याखालचं एक रिकामं.
फौजेतला उस्ताद सांगे, गचका बसलाच
तं रिकाम्या घरावर बसला पाह्यजे.
अन् वणी-पांढरकवडा रस्ता म्हंजे नुसते गचके.

जिनिंगचे पैसे मागं, सरकीच्या पोत्यात.
शेठले वाटते मी पैसे राखतो.
खरं म्हंजे दिवसभर मी तिलेच राखतो.
सदरा दोन बोटं ढिला शिवला,
शिंप्याले सांगतलं, पोट सुटून राह्यलं.
काही पडलं तं वाकत नाही,
उकिडवा बसतो.
पंपावरचा गजू इचारते, काका, कंबर गेली का?
गेली म्हणतो.

खर्रा सोडला. घोटाले दोन्ही हात लागते.

घरी आलो का आधी गोळ्या.
पाच मोजतो, मंग चपला काढतो.
ती लोखंडी पेटीत, गोळ्या दुसऱ्या खोलीत,
किल्ली करदोट्याले.
नात इचारते, आबा, अंघोळीच्या वक्ती वाजते ते काय?

साळ्याच्या पोरीच्या लग्नात नवरदेवाचा भाऊ म्हणे,
काका, एक हवेत होऊन जाऊ द्या!
म्या त्याच्या ताटात अजून एक बुंदीचा लाडू टाकला.

मंग निवडणूक आली.
ठाण्यात जमा केली, पावती भेटली.
गाडी तेच, रस्ता तोच,
मी तिरपाच बसो,
तिले जागा सोडून.

वणीच्या फाटकावर कोळशाची मालगाडी.
डबे मोजत होतो, एकतीस, बत्तीस...
काचेवर ठक ठक.
मान फिराच्या आधी हात गेला
सदऱ्याखाली.

नुसतं कातडं. माह्यंच. घामानं ओलं.

बाहीर पोट्टं, आठ-नऊ वर्षाचं,
शिंगाड्याची पुडी काचेले टेकवून,
पुढचे दोन दात नाहीत.

त्याच हातानं काच खाली केली.
वीसचे घेतले. सुट्टे नाहीत म्हणे, राहू दे म्हटलं.
फाटक उघडलं,
मागचे ट्रकवाले बोंबलाले लागले,
मी पुडी मांडीवर घेऊन तसाच.

निकालानंतर ती परत आली.
सहा घरं, पाच भरतो.
पण फाटक लागलं का आता काच आधीच अर्धी खाली,
दोन्ही हात स्टेअरिंगवर,
वर, दिसतील असे.
शेठ फोनवर खेकसते, काच लाव, पैसे हायेत मागं.

हाव म्हणतो.
लावत नाही.