सोबत जोडलेलं नाही

बोरा बझारच्या गल्लीत, शिक्के बनवणाऱ्या दाऊदभाईंना लागून
माझं दुकान, साडेपाच बाय आठ.
झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्ज टाइप करून मिळतील.
वडील इथेच बाहेर स्टूल टाकून बसायचे,
त्यांच्या मशीनचा 'र' कायम अर्धा पाय वर.
पैसे पानामागे घ्यायचे
आणि तरी गिऱ्हाइकाची पानं कापायचे.
आई म्हणायची, स्वतःच्याच पोटावर पाय.
ते म्हणायचे, साहेब उभ्याउभ्या वाचतो,
उभ्या माणसाचं वाचून होणार किती?

मंगळवारी हेमांगी तळाशिलकर आल्या, माझगावहून.
वय एक्कावन्न. पिशवीतून काढली
साडेचार पानं, लेकीच्या जुन्या वहीतली, पाठपोट,
समासाची लाल रेघ कुठेही न ओलांडलेली.
जागा: हिशेब मदतनीस.
क्लिअरिंग एजंटचं ऑफिस, बॅलार्ड इस्टेट.

'वरील विषयास अनुसरून' इथवर ठीक होतं.
मग एकोणीस वर्षांचा खुलासा.
सासूबाईंचं डायलिसिस, तारखांसकट.
यजमानांच्या कंपनीच्या गेटवर नोटीस लागली तो शुक्रवार.
सोसायटीच्या वहीत तेहतीस रुपये जुळेनात
म्हणून रात्री अडीचपर्यंत बसल्या, आणि सापडले:
वॉचमनच्या बॅटरीचे सेल, दोनदा लिहिलेले.

ताई, हे सगळं कशाला?
म्हणाल्या, नाहीतर त्यांना वाटेल, मी नुसती बसून होते.

मी कापायला घेतलं.
न्हाव्याच्या आरशात बघावं
तशा त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या.
सासूबाई गेल्या. (खऱ्याही गेल्यात, म्हणाल्या, मार्चात.)
शुक्रवार गेला.
'कष्टाळू' गेलं, 'प्रामाणिक' गेलं,
ते तर आळशी लबाडही लिहितात.
'आपण मला एक संधी दिलीत तर
मी जन्मभर ऋणी राहीन' यावर
माझं बोट जरा थांबलं,
त्याच म्हणाल्या, काढा. पगार देणार आहेत ना?

तेहतीस रुपयांपाशी मात्र हात आडवा केला.
हे राहू दे.
मी म्हटलं, अहो, वॉचमनचे सेल, नोकरीच्या अर्जात?
राहू दे.
वडिलांनी काय केलं असतं, आठवून पाहिलं.
दोन ओळी ठेवल्या.

एकूण अकरा ओळी. खाली 'आपली विश्वासू',
त्याखाली 'सोबत: प्रमाणपत्रांच्या प्रती, तीन'.
एवढंच? केवढी जागा रिकामी दिसते.
ती सोडायचीच असते, साहेब तिथे शेरा मारतात.

सही करून झाली, तरी उठल्या नाहीत.
ही बाकीचीपण टाइप करून द्या.
कुणाला द्यायचीत?
कुणाला नाही. छापल्यावर कशी दिसतात ते बघायचंय.

संध्याकाळपर्यंत बसलो.
एक वेलांटी बदलली नाही.
डायलिसिसच्या तारखा, शुक्रवार, सगळं
चौदाच्या टायपात, सहा पानं.
मी म्हटलं, एका पानाचे द्या.
त्यांनी सातांचे मोजले,
आणि स्टेपलरच्या पिनेचे वेगळे विचारले.

पंधरवड्यानं आधारची झेरॉक्स काढायला आल्या.
काय झालं हो? बोलावलं?
बोलावलं.
काय विचारलं?
माझगाव म्हणजे चालत याल ना, वेळेवर?
बस, एवढंच?
एवढंच. एकतारखेपासून या म्हणाले.

आणि ते तेहतीस रुपये?
त्याचं काही बोलले नाहीत.
पण अर्ज टेबलावर पडला होता त्यांच्यासमोर,
मला उलटा दिसत होता,
त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती बहुतेक.

थोडा वेळ मशीनचा हिरवा उजेड
आमच्या दोघांच्या हातांवरून सरकत गेला.

घडीपण असेल, म्हणाल्या,
आणि सुटे दोन रुपये काचेवर ठेवले.