रूम टोन

सीन संपला की मी हात वर करतो
आणि सगळ्यांना तीस सेकंद गप्प उभं करतो.
याला रूम टोन म्हणतात.
कुणी बोलत नसताना जागा जे बोलते ते.
एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधल्या फटी बुजवायला लागतं.

पाद्रीने कपेल दिलं नाही.
स्क्रिप्टचं तिसरं पान वाचलं, चष्मा पुसला,
सावनीला चहा मात्र दिला, बिस्किटांसकट.
म्हणून सिनेमा आता दिवाडीत, मळारच्या वाटेवर
एका खुरसासमोर चाललाय.
उसना जनरेटर, भाड्याच्या खुर्च्या,
आणि हिरोला व्हायोलिन धरायला शिकवणारा
इनास.

बेचाळिशीचा झाला. जबड्याखाली व्हायोलिनचा
तोच काळसर घट्टा.
मला बघून म्हणाला, "पावलो मरे, शाबा?"
जणू मी उंडे आणायला गेलो होतो
एकोणीस वर्षं.

त्या मे महिन्यात याच खुरसाकडे लादीन होतं.
फेरीच्या धक्क्यावर रात्री कुणीतरी त्याला पाहिलं होतं,
एका मुलाच्या खांद्यावर डोकं टेकून बसलेला.
एवढंच. डोकं. खांदा.
बातमी नदी ओलांडून गेली आणि चार दिवसांनी परतली,
तेव्हा तिला दात फुटले होते.

इनासने तारा जुळवल्या, सायबिणीची नावं घेऊ लागला.
सांता मारिया.
यावर सगळ्यांनी म्हणायचं असतं, ओरा प्रो नोबीस,
आमच्यासाठी विनवणी कर.
कुणी म्हणालं नाही.
त्यानं पुढलं नाव घेतलं.
मग त्याच्या पुढलं.
त्याची आई पहिल्या रांगेत स्वतःची नखं बघत होती.

मी कडेला उभा, उकडलेल्या चण्यांची टोपली सांभाळत.
ते उत्तर मला पाठ होतं,
आमच्या आरतीच्याही आधी पाठ झालेलं,
त्याच्याच अंगणात, त्याच्याच शेजारी बसून.
मी स्वतःला सांगितलं, आपण हिंदू,
आपण मध्ये कशाला बोला.
धर्म असाही कामाला येतो.

सिनेमात हिरो तिसऱ्या नावाला थांबतो
आणि व्हायोलिन पायरीवर आपटून फोडतो.
इनासला हे मुळीच पटलेलं नाही.
"तें कित्याक मोडटा? ताणें किदें केलां?"
सावनी समजावते: राग, विद्रोह, क्लायमॅक्स.
तो मान हलवतो, रेझिनचा खडा खिशात टाकतो.
"हांव थांबूंक ना गो," म्हणतो,
"सायबीण आयकताली."

सगळी नावं घेतली होती त्यानं त्या रात्री.
मोजली नाहीत मी. मी चणे बघत होतो.

आता जनरेटर बंद.
मी हात वर केलाय, हेडफोन कानांवर.
लांब कुठंतरी कुत्रं कान खाजवतंय.
मेकअपवालीचं पोट गुरगुरतं.
मेणबत्तीत एक किडा तडकतो.
आणि डावीकडून, अगदी बारीक,
इनासच्या नाकातली शिट्टी,
सहावीत वर्गात बाक लावून बसायचो तेव्हापासूनची.
अकरा सेकंद. बारा.

"ओरा प्रो नोबीस."

"कोण बोललं?" सावनी ओरडते. "परत घ्यावं लागेल!"
स्पॉटबॉय एकमेकांकडे बघतात.
ज्यानं सगळ्यांना गप्प केलं
त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही.

इनास माझ्याकडे बघत नाही.
धनुकलीचा तुटका केस दातांनी ओढून काढतो,
बोटाला गुंडाळतो, सोडवतो.
"सकयल गेलो सूर तुजो," म्हणतो.

तेवढ्यात फेरी धक्क्याला लागते,
तिचा लोखंडी फळा सिमेंटवर घासत येतो,
मोटरसायकली, हॉर्न, मासळीवालीची हाक.
दहा मिनिटं काहीच रेकॉर्ड करता येणार नाही.
मी हेडफोन काढतो, खुरसाच्या पायरीवर बसतो.
तो सरकत नाही.
जागा होती.