नागीण

धंतोलीतल्या दुकानदारानं फ्रिजमधून डबी काढली,
बर्फाच्या पिशवीत ठेवली, वरून रबर लावलं.
"दहा हजार आठशे. दोन महिन्यांनी पुन्हा एवढेच."
मी पावती दोनदा वाचली.
यात कूलर आला असता, वाळ्याच्या ताट्यांसकट.

मागच्या उन्हाळ्यात यांच्या कमरेला नागीण उठली,
तेव्हा इतवारीच्या शेवंतामावशीनं गेरू लावला,
बोटांनी मोजत म्हणाली, तोंड-शेपूट भेटू देऊ नका बाप्पा.
नाही भेटलं. चार बोटं राहिली.
फोड कधीचे गेले,
सुती बनियन मात्र यांना अजून सोसत नाही.

दोघांचं पेन्शनमध्ये बसत नव्हतं.
"तू घे," हे म्हणाले, "मला चावून झालीय."

खोब्रागडे बाईंनी दंडावर कापूस दाबला.
झालं?
एवढ्याचे एवढे?

रात्री ताप चढला, दंड टम्म.
हे उघड्या अंगानं पाणी घेऊन आले,
मग दिवा लावून कॅलेंडरची पानं उलटत बसले.
सकाळी पाहिलं तर
दोन महिन्यांपुढच्या चौकोनात, पेन्शनच्या तारखेशेजारी
पेन्सिलीनं एक बारका साप.
वेटोळं घातलेला,
शेपूट तोंडापासून
चांगलं लांब ठेवलेलं.