गोदामपाल

नाव भूपाल, हुद्दा गोदामपाल.
चौगुले मास्तर स्वतःच म्हणायचे, स्वतःच हसायचे,
हरिपूरला, संगमावरच्या पायऱ्यांवर.
आम्ही सात पोरं, आणि नुसतंच ऐकणारा एक नावाडी.

तो चिनी पंडित त्यांना कुठं भेटला कोण जाणे.
नाव आमच्या जिभेला वळेना,
म्हणून आम्ही त्याला चिनी अण्णा म्हणायचो.
"तोही आधी कोठारावरच होता. धान्य मोजायचा. मग गुरं.
माप बरोबर भरायचं, वासरं वाढायची.
ह्याला राज्यकारभार म्हणतात. लिहून घ्या."
आम्ही लिहून घेतलं नाही.

फी म्हणून तो वाळल्या मांसाची जुडी घेई.
इथं मास्तर, जन्माचे जैन, घसा साफ करत
आणि म्हणत, "समजा, हळकुंडं."
मग आम्ही मूठमूठ हळकुंडं नेऊ लागलो.
त्यांच्या खिशाला तो पिवळा डाग कायमचा.

पुढं अण्णा मंत्री झाला. न्यायखातं.
शेजारच्या राज्याला सोसेना:
ऐंशी नाचणाऱ्या पोरी धाडल्या, एकशेवीस घोडे.
तीन दिवस दरबार भरला नाही.
तरी तो थांबला. यज्ञातला वाटा
रिवाजानं घरी येतो का, बघत.
नाही आला. तेव्हा निघाला.

मास्तरांचं घोड्यांवाचूनच झालं.
भिजल्या गव्हाच्या बाराशे पोत्यांवर
'सुस्थितीत' लिहीना हा माणूस.
नव्या गोदामाच्या उद्घाटनाचे पेढे
त्यांच्या टेबलाला वळसा घालून फिरले.
जत. आटपाडी. शिराळा. पुन्हा जत.
चौदा वर्षं, एक ट्रंक, कुपवाडहून बायकोचं महिन्याला एक पत्र.

"मग अण्णाला परत बोलावलं का?" नावाड्यानं विचारलं एकदा.
"बोलावलं. म्हातारपणी. मान दिला, काम नाही दिलं.
बसला शिकवत."
आणि वारणा मिळते तिथं पाण्याचा रंग बदलतो,
तिकडं बघत राहिले. त्या दिवशी पुढं शिकवलंच नाही.

पेवाचं मात्र अण्णाचं नव्हे, त्यांचं स्वतःचं:
"तोंड उघडलं म्हणून लगेच उतरायचं नाही.
आत हवा मेलेली असते. आधी कंदील सोडा.
विझला तर थांबा.
आणि दुसऱ्याला ढकलू नका."

पुरवठा कार्यालयात आता माझं टेबल आहे.
नऊशे चाळीस पोती. खाली सहीपुरती जागा.
साहेब दोनदा डोकावून गेले.
मी पेनाचं टोपण काढून बसलोय,
दोरी हळूहळू खाली सोडत.